रिकामं भांडं देऊ नये

चकलीसाठी मोठी कढई काढायची म्हटलं की आधी तो टोप खाली उतरवावा लागतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत वरच्या कप्प्यात टोप पुढे आणि कढई मागे, अशी गेली सहा वर्षं मांडणी आहे. निळ्या इनॅमलचा, जुना, बुडाशी दोन ठिकाणी टवके उडालेला टोप. झाकणाची मूठ कधीतरी तुटली असणार, कारण तिच्या जागी वाइनच्या बाटलीचं बूच स्क्रूनं पक्कं बसवलेलं आहे. दर दिवाळीला माझी बायको अर्चना स्टुलावर चढते, टोप माझ्या हातात देते, कढई काढते आणि फराळ आटोपला की सगळं जिथल्या तिथे लावून टाकते. त्यावर आम्ही बोलत नाही. फार तर ती म्हणते, "तुझा टोप धर जरा."

यंदा मात्र सासूबाई आल्या आहेत. मी त्यांना आईच म्हणतो. तीन महिन्यांच्या व्हिसावर सांगलीहून येतात आणि आल्या दिवसापासून आमचं स्वयंपाकघर ताब्यात घेतात. परवा त्यांनी स्वतःच तो कप्पा उघडला, टोप बाहेर काढला आणि बुचाची मूठ धरून झाकण उचललं. आत काही नाही हे बघून माझ्याकडे वळल्या.

"रणजितराव, हा त्या म्हाताऱ्या काकांचा टोप ना? सूप घेऊन आले होते ते?"

"हो."

"अजून दिला नाही परत?"

"राहिलं."

"सहा वर्षं राहिलं?" त्यांनी टोप ओट्यावर ठेवला. "दुसऱ्याचं भांडं असं घरात ठेवून घेऊ नये हो. आणि देताना रिकामं देऊ नये."

अर्चना कणीक मळत होती. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. बाहेर नोव्हेंबर होता, म्हणजे दुपारी चारला दिवा लावायचा महिना. आमचं गाव जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखपासून गाडीनं वीस मिनिटांवर आहे. चारी बाजूंना कार्प माशांची तळी आहेत. शरद ऋतूत मासे काढायला ही तळी रिकामी करतात, आणि मग दोन-तीन आठवडे सगळ्या गावाला उघड्या चिखलाचा वास येतो. त्या वासाची इतरांना सवय झालेली आहे, मला नाही. तो वास आला की मला थेट मैदानावर उभं असल्यासारखं वाटतं. पायांत दुसऱ्या कुणाचे तरी बूट, अंगात पाच नंबरची जर्सी, आणि समोरून अंगावर येणारा नव्वद किलोचा एखादा सुतार.

टोप आमच्याकडे आला त्या वर्षी मी फुटबॉल खेळलो. पन्नाशीकडे झुकलेला, बेअरिंगच्या कंपनीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणारा, जिना चढताना एकदा थांबणारा माणूस मी. याला कारणीभूत माझं कोल्हापूर. कोल्हापूरचा माणूस परक्या मुलखात मटण आणि फुटबॉल या दोन विषयांवर थापा मारल्याशिवाय राहत नाही. मटणाच्या थापा खपून जातात, कारण कुणी लगेच चूल पेटवायला सांगत नाही.

झालं असं, की आम्ही सात मराठी इंजिनिअर शनिवारी टेनिस बॉलनं क्रिकेट खेळायला जागा शोधत होतो. आमचा म्होरक्या मंदार. तो पुण्याचा, नियम वाचायची आवड असलेला. त्यानं तळ्यांच्या मधलं मैदान शोधून काढलं. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारा खडू पसरायची चाकाची गाडी ढकलत पेनल्टीची चौकट आखत होता. ठेंगणा, खांदे रुंद, गळ्यात चष्मा. आम्ही विचारलं ते त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याच्या त्या अर्ध्या स्पॅनिश जर्मनमध्ये म्हणाला, शनिवारी खुशाल खेळा, पण तुमच्यातल्या कुणाला फुटबॉल येतो का? रविवारी मला माणसं कमी पडतात.

मी म्हणालो, मी माझ्या पेठेच्या तालमीकडून खेळलोय.

आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात, पण मी तालमीकडून काहीही खेळलो नव्हतो. मी गॅलरीत बसून पंचांना शिव्या घातल्या होत्या, त्या मात्र जन्मभर पुरतील इतक्या. पण म्हातारा इतका खूश झाला, की खडूनं माखलेल्या हातांनी त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याचं नाव अन्सेल्मो. क्लबचा अध्यक्ष, खजिनदार, प्रशिक्षक, धोबी, माळी सगळं तोच. महिन्याभरात आम्ही त्याला अन्सेल्मोकाका म्हणायला लागलो. काका म्हणजे काय ते समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मग तुमची घरची माणसंही मला दाखवा.

त्यानं आमच्या घरची माणसं बघितली. माझी मुलगी ईरा तेव्हा आठ वर्षांची होती, तिला त्यानं कॉर्नरचा झेंडा धरायला शिकवलं. आई तेव्हा पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांच्यापुढे तो टोपी काढून वाकायचा. त्यांना जर्मन येत नव्हतं आणि त्याला मराठी, तरी दोघं बाकावर बसून अर्धा अर्धा तास बोलायची. काय बोलायची देव जाणे.

क्लबचा इतिहास मला तुकड्यातुकड्यांनी कळला, बहुतेक तो रेषा आखत असताना. मी दोरी धरायचो आणि तो गाडी ढकलायचा. स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालच्या बाजूला बाल्देंसिना नावाचं एक कोरडं गाव. तिथे हा क्लब जन्मला. जर्सी पिवळी-जांभळी, कारण गावच्या पाद्र्यानं उपासाच्या दिवसांत मूर्ती झाकायचं जुनं जांभळं कापड काढून दिलं होतं आणि पिवळं कुणाच्या तरी बहिणीच्या पडद्याचं होतं. दहा वर्षं तो क्लब आसपासच्या गावांशी मारामाऱ्या करत खेळला. मग साठच्या दशकात जर्मन कारखान्यांची माणसं आली. तोंड उघडायला लावून दात बघितले, छातीला नळी लावली आणि अकरांतले आठ निवडले. आठही जण एकाच आगगाडीनं इथे आले.

"मागे तिघं उरले," अन्सेल्मोकाका म्हणाला. "गोलकीपर, एक लंगडा, आणि पाद्र्याचा भाचा. तिघांत काय खेळणार? त्या वर्षीच क्लब बंद पडला. तो आम्ही मारला, रणजित."

इथे आल्यावर त्या आठांनी कारखान्याच्या बराकीत दुसऱ्याच वर्षी तोच क्लब पुन्हा काढला. तेच नाव, तेच रंग. चिखलात, थंडीत, आठवडाभर यंत्रावर राबून रविवारी खेळायचे. मग लग्नं झाली, मुलं झाली. मुलं खेळली. मुलांची मुलं मात्र चांगल्या बुटांची, चांगल्या जर्मन क्लबांत गेली. आम्ही आलो तेव्हा सहा खेळाडू शिल्लक होते. त्यांतले स्पॅनिश तीन. बाकी एक पोर्तुगीज रंगारी, एक पोलिश ड्रायव्हर, आणि कोस्टास नावाचा ग्रीक, ज्याचं बस स्टँडसमोर खाण्याचं दुकान होतं.

"आणि त्या तिघांचं काय झालं?" मी एकदा विचारलं होतं.

"त्यांनी मला कधी पत्र पाठवलं नाही," तो म्हणाला. "गोलकीपर माझा सख्खा चुलतभाऊ होता."

हे मला माहीत होतं. पुढे जे मी केलं ते हे सगळं माहीत असताना केलं, म्हणून इथे सांगून टाकतो.

ऑगस्टमध्ये आम्ही सातही जण खेळायला उतरलो. आम्ही किती वाईट खेळायचो याचं वर्णन करत बसत नाही. पहिल्या सामन्यात नऊ गोल खाल्ले, दुसऱ्यात अकरा. कोस्टास मधूनच थांबून कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघायचा, गिऱ्हाईकानं उष्टं टाकलं की बघत असेल तसा. "तुमच्या गावात बॉल चौकोनी असतो का?" असं त्यानं मला विचारलं होतं. पण अन्सेल्मोकाका प्रत्येक सामन्यानंतर काबिनेत, म्हणजे कपडे बदलायच्या खोलीत, यायचा. ओल्या लोकरीचा आणि स्पिरिटचा वास असलेली ती खोली. तो बाकावर बसून एकेकाची जर्सी मोजून पिशवीत भरायचा आणि म्हणायचा, आल्झो, म्हणजे चला तर, आज आपण अकरा होतो. किती खाल्ले ते त्याच्या हिशेबात नव्हतं.

सप्टेंबरच्या शेवटी मी गोल केला. खरं म्हणजे गोलनं मला केलं. कॉर्नर आला, मी तोंड फिरवून डोळे मिटले, बॉल माझ्या गुडघ्यावर आपटला आणि आत गेला. आम्ही एक-एक बरोबरी केली. त्या संपूर्ण हंगामात क्लबला मिळालेला एकमेव गुण तो. रेषेवर ईरा उड्या मारत होती आणि "पापा! पापा!" करून ओरडत होती. मला आयुष्यात पदवी मिळाली, नोकरी मिळाली, मुलगी झाली, पण माझ्या नावानं इतकं मोठ्यानं कुणी ओरडलं नव्हतं. त्या आठवड्यात मी ऑफिसमध्ये मुद्दाम लंगडत चाललो.

मग तळी रिकामी झाली, चिखलाचा वास सुटला आणि आमची माणसं गळायला लागली. एकाची पाठ, एकाचं सासर, एकाची डेडलाइन. आपली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. "हो काका, बघतो", "नक्की ट्राय करतो", असं म्हणतात आणि येत नाहीत. आपल्याला त्यातलं "नाही" बरोबर ऐकू येतं. अन्सेल्मोकाकाला ते ऐकू यायचं नाही. तो अकरा जर्स्या बाकावर ओळीनं मांडून बसायचा. सामना सुरू करायला निदान सात खेळाडू लागतात. ऑक्टोबरमध्ये दोनदा आम्ही सातसुद्धा जमलो नाही. तिसऱ्यांदा संघ हजर नसला की जिल्ह्याच्या लीगमधून नाव कापतात, आणि लीगमधून नाव गेलं की गावाचं मैदानही जातं.

हे सगळं मला मंदारनं सांगितलं. तो नगरपालिकेत जाऊन चौकशी करून आला होता.

"सरळ आहे," तो म्हणाला. "त्यांचं नाव गेलं की स्लॉट मोकळा. आपला रजिस्टर्ड फेराइन, म्हणजे संस्था, असेल तर मैदान आपल्याला. क्रिकेटचा पहिला क्लब, गावाच्या पेपरमध्ये फोटो. आणि फेराइन काढायला सात सभासद लागतात. गेनाऊ सात, एकही कमी नाही."

"आपण सातच आहोत."

"म्हणूनच सांगतोय. रविवारी दोन वाजता माझ्याकडे सह्या. सोमवारी नोटरीची अपॉइंटमेंट आहे. ती चुकली तर पुढची थेट जानेवारीत."

त्याच रविवारी अडीच वाजता सामना होता. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. तोवर बाकीच्या सहा मराठी मंडळींनी जाणं बंदच केलं होतं. तिकडे कोस्टास धरून सहा, आणि सातवा मी. इकडे मंदार धरून सहा, आणि सातवा मी. आयुष्यात कधी नव्हे ते दोन ठिकाणी माझ्यावाचून अडलं होतं.

"अरे, ते तसंही मरणारच आहे," मंदार म्हणाला. "या वर्षी नाही तर पुढच्या. म्हाताऱ्याचं वय बघ. आपण काही त्यांना मारत नाहीये."

आमच्या पेठेत एक गोष्ट सांगतात. माझ्या सख्ख्या मामाला हळद लागलेली असताना गोलकीपरचा पाय मुरगळला म्हणून तालमीची पोरं मांडवातून उचलून घेऊन गेली. मामा पिवळ्या अंगानं गोलमध्ये उभा राहिला. लग्न एक तास उशिरा लागलं आणि वधूपक्षानं तक्रार केली नाही. ही गोष्ट मी अन्सेल्मोकाकाला सांगितली होती. तो इतका हसला होता की त्याला खाली बसावं लागलं होतं. "म्हणजे एका माणसावाचून कसं अडतं ते तुला माहितीये," तो म्हणाला होता.

मला माहीत होतं. मी रविवारी साडेबाराला त्याला मेसेज पाठवला. ताप आहे, येऊ शकत नाही, माफ करा.

त्याचं उत्तर लगेच आलं. अंथरुणातच राहा, पाणी पी.

मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला पावसात उभं राहायचा कंटाळा आला होता, कोस्टासच्या नजरेचा कंटाळा आला होता, आणि मंदारच्या घरी कांदाभजी होती. आपली भाषा होती, ऊब होती, कुणीतरी जुनी गाणी लावणार होतं. इतक्या स्वस्तात मी विकला गेलो. अर्चना ईराला घेऊन नाचाच्या कार्यक्रमाला गेली होती. घरी आई एकट्याच. दर रविवारी मी खेळायला जातो हे त्यांना ठाऊक, आणि क्लब बुडवायला निघालोय हे त्यांना कसं सांगणार? म्हणून मी नेहमीची बॅग खांद्याला लावली, त्यात बूट टाकले आणि "येतो हं आई" म्हणून निघालो. एका माणसासाठी मी तापानं फणफणलो होतो आणि दुसऱ्या माणसासाठी फुटबॉल खेळत होतो. दोन्ही म्हातारी माणसं एकमेकांशी बोलू शकत नाहीत, यावर माझा भरवसा होता.

सव्वादोनला मी सातवी सही केली. मंदारनं टाळ्या वाजवल्या. भजी चांगली झाली होती.

मैदानावर काय झालं ते मला महिन्यानं कोस्टासनं सांगितलं. मी त्याच्या दुकानासमोरून मान खाली घालून चाललो होतो, तर त्यानं काउंटरमागून हाक मारली. म्हणाला, ये, तुला एक गोष्ट सांगतो, फुकट. अन्सेल्मोनं सकाळी रेषा आखल्या होत्या. सहा जर्स्या मांडल्या आणि सातवी तुझी, पाच नंबरची, मांडली. आम्ही म्हटलं, त्याला ताप आहे. तर म्हणाला, हो, मला माहितीये. आणि स्वतःचा शर्ट काढून ती जर्सी त्यानं अंगात घातली. पंचाहत्तर वर्षांचा माणूस. पंच पोरगेलासा होता, त्यानं खेळाडूचं ओळखपत्र मागितलं. अन्सेल्मोनं खिशातून काढून दिलं. त्यावर काळ्या केसांचा फोटो होता आणि त्याची मुदत केव्हाच संपलेली होती. पंच म्हणाला, आजोबा, नाही चालणार. पण त्यानं नियमाप्रमाणे वाट बघितली, सगळा वेळ. आणि तो सगळा वेळ अन्सेल्मो जर्सी घालून मधल्या वर्तुळात उभा होता. समोरचे अकरा थंडीत उड्या मारत होते, त्यांनाही हसू आलं नाही. मग पंचानं शिट्टी वाजवली.

"संपलं," कोस्टास म्हणाला. "आता जा. गिऱ्हाइकं आहेत."

पण त्या रविवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी पाच वाजता घरी आलो. येता येता बुटांना रस्त्याकडेचा चिखल लावून घेतला होता. इतका मी व्यवस्थित माणूस आहे. आई दारातच उभ्या होत्या, खुशीत.

"अहो, तुमचे काका येऊन गेले! चुकामूक झाली बघा. सूप आणलंय तुमच्यासाठी."

मी बॅग खाली ठेवली. "काय म्हणाले?"

"मला काय कळतंय त्यांचं? आत डोकावून बघत होते, कपाळाला हात लावून काहीतरी विचारत होते. मला वाटलं डोकं दुखतंय का विचारतात. म्हटलं, छे हो, चांगले ठणठणीत आहेत, खेळायला गेलेत. तर त्यांना कळेना. मग मी असं करून दाखवलं."

आणि माझ्या सासूबाईंनी, वय वर्षं अडुसष्ट, पॅसेजमध्ये साडीच्या निऱ्या जराशा उचलून हवेत एक सणसणीत लाथ मारली.

"मग कळलं त्यांना," आई म्हणाल्या.

"मग?"

"मग काय, टोप माझ्या हातात दिला आणि वळलेच. म्हटलं, थांबा, रिकाम्या हातानं कसं पाठवू. चकल्या, शंकरपाळे, चिवडा भरून दिला. माझ्या नावाच्या डब्यात दिलाय हं. माझ्या लग्नातला डबा आहे, तेवढा परत आणा."

आईंच्या लग्नात कुणीतरी दिलेल्या स्टीलच्या डब्यांवर त्यांचं नाव कोरलेलं आहे, सौ. सुशीला. सांगलीहून येताना त्या फराळ त्या डब्यांतूनच आणतात. त्यातला एक गेला होता, आणि ओट्यावर निळा टोप आला होता. मी बुचाला धरून झाकण उचललं. हरभरे, कोंबडी, वर पुदिना. आपल्या पांढऱ्या रश्श्याची आठवण व्हावी असा वास. अजून कोमट होतं.

मी ते सूप प्यायलो. फेकून दिलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी दोन वाट्या प्यायलो. आई समोर बसून बघत होत्या, खेळून दमून आलेल्या जावयाला वाढल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. चव उत्तम होती.

गुरुवारी लीगच्या वेबसाइटवरून क्लब गेला. नाव होतं, पण त्यावर आडवी रेघ, आणि पुढे सगळी शून्यं. मध्येच बाहेर पडलेल्या संघाचे सगळे सामने रद्द धरतात, म्हणजे ते खेळलेच गेले नाहीत असं मानतात. नऊ गोल खाल्लेला सामना गेला, अकरावालाही गेला. एक-एक बरोबरीही गेली. ईरा माझ्या लॅपटॉपवर वाकून बघत होती. घरात आम्ही मराठी बोलतो आणि ती जर्मनमध्ये उत्तरं देते.

"पापा, दान हास्ट डू गार काइन टोर गेशोसन?"

म्हणजे तू गोल केलाच नाहीस तर? मी म्हणालो, केला होता, तू बघितलास की. तिनं स्क्रीनवरच्या शून्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. ती काही चिडवत नव्हती. आठ वर्षांच्या मुलीला लिहिलेलं खरं वाटतं.

आता चौदा वर्षांची आहे. परवा जेवताना मी कशावरून तरी त्या गोलचा विषय काढला, तर तिला तो आठवत नव्हता.

मैदान आम्हाला मिळालं. गावाच्या पेपरमध्ये फोटोही आला, मी डावीकडून तिसरा. दोन उन्हाळे क्रिकेट झालं. तिसऱ्या उन्हाळ्यात मंदार कॅनडाला गेला. त्याच्या मागोमाग एकानं घर घेतलं, एकाची कंपनी बदलली. ज्यांच्याशिवाय सात होत नव्हते ते सातही जण एकेक करून "नक्की ट्राय करतो" म्हणायला लागले. मग कुणीतरी कडक बॉल आणला, तो पलीकडच्या गाडीची काच फोडून गेला आणि नगरपालिकेनं मैदान काढून घेतलं. आता ती कुत्री फिरवायची जागा आहे. गोलचे खांब उपटून नेलेत, पण पेनल्टीच्या चौकटीच्या जागी गवत वेगळं उगवतं. इतकी वर्षं खडू जिरला आहे तिथे. मी ते गवत बघायला जात नाही. कधीकधी ऑफिसहून येताना रस्ताच तिथून असतो.

टोप परत न देण्याची कारणं माझ्याकडे तयार होती. आधी त्याच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. मग वाटलं, जरा दिवस जाऊ देत. मग इतके दिवस गेले की आता टोप घेऊन जाणं म्हणजे मुद्दाम आठवण करून देणं झालं असतं. आणि टोप रिकामा देऊ नये. मग त्यात घालायचं काय? मी दुकानात उभा राहून विचार केला आहे. त्या माणसाला परत देण्याजोगं दुकानात काहीही मिळत नाही. त्याच्याकडूनही सहा वर्षांत निरोप आला नाही. गावात तो दोनदा दिसला, दोन्ही वेळा मी रस्ता ओलांडला.

आईंना हे काहीच माहीत नाही. परवा त्यांनी टोप घासला, कोरडा केला आणि ताज्या पोह्यांच्या चिवड्यानं काठोकाठ भरला. वर चार चकल्या ठेवल्या. "आजच जा," म्हणाल्या. "आणि माझा डबा विचारा."

अर्चना फक्त इतकंच म्हणाली, "जा एकदाचा."

कारखान्याच्या जुन्या वसाहतीत तिसरा मजला. गाडीत मी जर्मन वाक्यं घोकत होतो. माफी मागायची वाक्यं जर्मनमध्ये फार लांब होतात, क्रियापद शेवटी येईपर्यंत माणसाचा धीर सुटतो. जिन्यात एकदा थांबलो. बेल वाजवली. बराच वेळ काठी टेकत येत असल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

तो आणखी ठेंगणा झाला होता. त्यानं आधी टोपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पहिलं वाक्य सुरू करणार इतक्यात त्यानं विचारलं, "ताप उतरला?"

मी टोप पुढे केला. त्यानं काठी दाराला टेकवली, टोप घेतला, बूच धरून झाकण उचललं, आत बघितलं आणि झाकण परत ठेवलं.

"त्या बाई आल्यात?"

"हो. त्यांनीच केलंय."

"त्यांना माझा नमस्कार सांग," तो म्हणाला. "चांगली किक मारतात. त्या दिवशी सातव्या म्हणून त्या चालल्या असत्या."

तो आत गेला. मला आत बोलावलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात आईंचा डबा होता. तो त्यानं माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. कडी घातल्याचा आवाज आला.

डबा जड होता. गाडीत बसल्यावर मी झाकण काढलं. ते घट्ट बसलं होतं, किल्ली घालून उचकटावं लागलं. आत चकल्या होत्या. एकही मोडलेली नव्हती. खाली शंकरपाळे, त्याखाली चिवडा, आईंनी सहा वर्षांपूर्वी भरला होता तसाच. भप्पकन खवट वास आला आणि गाडीभर झाला. त्यानं एक चकलीसुद्धा उचलली नव्हती, आणि टाकूनही दिलं नव्हतं. घरात एका जागी ठेवलं होतं, मी येईपर्यंत.

कोपऱ्यावर कचऱ्याचे डबे ओळीनं होते. ओल्या कचऱ्याचा तपकिरी डबा माझ्या दारापासून दोन पावलांवर होता. मी काच खाली केली, वास जाईल म्हणून थोडा वेळ बसलो, आणि झाकण लावून तसाच घरी आलो. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. लपवायचं काम मी त्या एका रविवारी पुरेसं केलं होतं, एवढंच.

आई दारातच होत्या. डबा दिसताच त्यांचा चेहरा उजळला.

"माझा डबा! बघा, जपून ठेवला त्यांनी." मग माझा हात जडावलेला दिसला. "रिकामा नाही ना दिला?"

"नाही," मी म्हणालो. "भरून दिला."

"बघा. माणसं चांगली आहेत हो, तुम्ही उगाच सहा वर्षं लाजलात." त्यांनी पदराला हात पुसले आणि दोन्ही हात पुढे केले. "द्या इकडं. काय दिलंय बघू तरी."

मी डबा त्यांच्या हातात दिला.